चौसाळ्याची चंद्रकोर

वन्सं, तुम्ही गेलात त्याला आज सव्वा महिना झाला आणि आपलं भांडण अजून तसंच पडलंय. अर्ध्यात भांडण टाकून द्यायची तुमची खोड जुनीच. मी तावातावानं बोलत असले की तुम्ही खाली मान घालून रंग खलायला लागायचात, आणि मी येड्यासारखी भिंतीशी बोलत बसायची. पण तेव्हा निदान संध्याकाळी भाकरीला समोर बसायचात. मग मला राग पुन्हा नव्यानं काढता यायचा. आता कुणावर काढू?

म्हणून लिहायला बसले. अक्षरं तुमच्या भावानं शिकवली, तुम्हाला ठाऊकच आहे. पाटीवर गिरवून घेताना म्हणायचे, "बोलतीस तसं लिहू नको, शुद्ध लिही." तर लिहितेय शुद्ध. जमेल तेवढं.

माजघरातल्या फळीवर तुम्ही रंगवून उजळलेले महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचे सात जोड बसलेत. गावातल्या सहा घरांचे, एक आपला. डोळे, ओठ, नथ, भांगातली ओळ, सगळं तुम्ही यंदा घरीच बसून आखाडातच करून ठेवलंत. कपाळं तेवढी कोरी. सण तोंडावर आलाय, आज ना उद्या बायका न्यायला येतील. मी पाणी आणायला त्या फळीखालून जाते, भाकरी थापायला त्याच फळीखालून जाते, आणि थोरल्या-धाकट्या लक्ष्म्या सगळ्या मिळून माझ्याकडं बघत बसतात. तुम्ही काढलेले डोळे आहेत ते. चुकवून जाता येत नाही.

मी तलवाड्याहून नवी नवरी म्हणून चौसाळ्याच्या या घरात आले तेव्हा तुम्ही आधीच परत आलेल्या होतात. एकोणीस वर्षांचं वय आणि पांढरं कपाळ. सासरच्यांनी दार लावलं होतं. इथं आत्याबाईंनी पोटची पोर म्हणून चुलीजवळचा कोपरा दिला, आणि कोपऱ्याबरोबर दळण, धुणं, शेण, गोठा असं सगळं दिलं. माझ्यावर सासूपण गाजवायचे दिवस आत्याबाईंनी तुमच्यावरच काढले, म्हणून मी सुखात राहिले. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं.

मग त्या वर्षी उंदरानं आपल्या धाकटीचं नाक खाल्लं. आठवतं का? सणाला आठ दिवस, सगळी शेतात गेलेली, मी डोकं दुखतंय म्हणून दुपारीच परत आले, तर तुम्ही गोठ्यात कडब्याआड बसलेल्या. मांडीवर मुखवटा. नाक मातीनं भरून काढलेलं, चिंचोक्याच्या खळीत पिवडी कालवलेली, करवंटीत काजळ. मला बघून तुम्ही करवंटी पदराआड ओढलीत.

"वैनी, कुणाला बोलू नको. तुझ्या पाया पडते."

मी कशाची बोलतेय, मी त्या तोंडाकडंच बघत राहिले. कुंभारवाड्यातून उजळून यायची ती आपली धाकटी कायम डोळे वटारलेली असायची, कुणी तिच्या ताटातलं पुरण पळवल्यासारखी. आणि ही? ही आत्ताच घागर उतरवून, घाम पुसून, दोन शब्द बोलायला बसलेली बाई होती. मग थोरलीलाही तुम्ही तशीच करून टाकलीत.

हळदी-कुंकवाला बायका आल्या त्या महालक्ष्म्यांपुढून हलेनात. "आगं बया, बोलत्यात का काय ह्या! कुनी उजळल्या?" आत्याबाईंच्या तोंडून पटकन निघालं, "कुनी म्हंजे? कुंभारणीनं." विधवेनं लक्ष्मीच्या तोंडाला हात लावला हे कसं सांगणार? मला हसू आवरेना. तुम्ही तर स्वयंपाकघरातून बाहेरच आला नाहीत.

आणि मग काय, पुढच्या साली सगळा गाव गिरजाक्का कुंभारणीच्या मागं लागला. पाटलाच्या घरच्यासारख्याच पाहिजेत! बिचारी म्हातारी आपल्या दारात येऊन बसली. "आत्याबाई, माझं डोकं फिरायची पाळी आली. तशाच काढ म्हणत्यात. म्या काढल्याच न्हाईत तर तशा कुठनं काढू? कुनी काढल्या ते तरी सांगा." आत्याबाईंनी जपमाळ ओढली. तुम्ही खाली मान घातलीत. आणि मी, जिच्या पोटात तीळ भिजत नाही, मी तुमच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो! गिरजाक्काला तेवढं पुरलं. ती उठून तुमच्यापाशी गेली, तुमचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "पोरी, मला आता दिसत न्हाई. हात कापतो. चल माझ्याकडं."

तुमच्या भावानं त्या दिवशी जे फर्मान काढलं ते निजामाच्या हैदराबादेहून निघाल्यासारखं होतं.

"पाटलाच्या घरची बाई कुंभारवाड्यात बसून रंग कालवणार? आन ती बी..." एवढं बोलून ते थांबले.

"आन ती बी रांडव. म्हण की," तुम्ही म्हणालात.

"तिकडं पाय टाकलास तर या दारातनं परत आत यायचं न्हाई, आक्का. सांगून ठेवतो."

"बरं," म्हणालात तुम्ही.

बरं! एवढंच. मी रात्रभर तळमळले आणि तुम्ही घोरत होतात. सकाळी धारा काढल्या, चूल सारवली, आणि दुसरं लुगडं काखेत मारून निघालात. त्या लुगड्याखेरीज आणि चुलीजवळच्या कोपऱ्याखेरीज तुमचं या जगात काही नव्हतं. लुगडं बरोबर नेलंत आणि कोपरा पणाला लावलात. मी दारातून बघत होते. एकदाही मागं वळून बघितलं नाहीत, आणि मला तुमचा इतका राग आला, इतका हेवा वाटला, की माझं मलाच कळेना काय वाटतंय ते.

दिवेलागणीला तुम्ही परत आलात तेव्हा दाराला आतून अडसर होता. तुम्ही हाक मारली नाहीत. बाहेर ओट्यावर बसून राहिलात, तुमच्या बांगड्या नसलेल्या हातांचा आवाजसुद्धा नाही. आत आत्याबाई जपमाळ ओढतायत, हे पोथी उघडून बसलेत, पान काही उलटत नाहीत. मी उठले आणि अडसर काढला.

"कावून उघडलंस?"

"वासरू भायेर राह्यलं व्हतं," मी म्हणाले.

वासरू त्यांच्यासमोर खुंट्याला बांधलेलं. त्यांनी वासराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पोथीचं पान उलटलं. तुम्ही आत आलात, हातपाय धुतलेत आणि भाकरी थापायला बसलात. त्याच वासराच्या कानातल्या केसांची तुम्ही पुढं रंगवायची कुंची केलीत, आणि मला म्हणालात, "ह्या वासरानं आपल्यासाठी लई केलं गं." दोघी किती हसलो होतो.

पण खरी परीक्षा पुढंच होती. कुंकवाचं काय? तुम्ही सगळं रंगवणार, पण कुंकू तर सवाशिणीच्याच हातचं पाहिजे. ते गिरजाक्का लावायची. पहिल्याच जोडाला तिचा हात हलला आणि कुंकू नाकाडापर्यंत ओघळलं. मी तुमची भाकरी घेऊन आलेली, तिथंच बसले होते. तुम्ही ओलं फडकं उचललंत आणि गिरजाक्का किंचाळली, "पुसू नको! सवाशिणीचं लावलेलं कुंकू पुसत्यात व्हय?" तुमचा हात तसाच वर राहिला. तुमचं कुणी पुसलं होतं ते तुम्हाला आठवलं असणार. मलाही आठवलं, मी तेव्हा या घरात नव्हते तरी.

तिघी त्या थोरलीपुढं बसून राहिलो. पुसता येत नाही आणि तसं देता येत नाही. शेवटी मीच बाभळीचा काटा घेतला, अनामिकेवर कुंकू घेतलं, आणि तो ओघळ दोन्हीकडून वर ओढत ओढत नेला. झाली चंद्रकोर. तुम्ही मान वाकडी करून बघितलंत. "आता सगळ्यांनाच अशी लाव," म्हणालात. तेव्हापासून आसपासच्या गावांत चौसाळ्याची चंद्रकोर म्हणून नाव झालं. चुकीतून झालेली आहे ते आपल्या तिघींनाच ठाऊक.

दहा वर्षं आपण जोडीनं बसलो, वन्सं. मी मुखवटा मांडीवर घट्ट धरायची, तुम्ही श्वास रोखून बुबुळ टेकवायचात, आणि दोन्ही डोळे झाल्यावर "हुश्श" करायचात. त्या "हुश्श"साठी मी घरातली कामं उरकून पळत यायची. तुमचे भाऊ वर्षभर अबोला धरून होते. मग एकदा कचेरीच्या कामाला बीडला गेले आणि येताना तांबड्या हिंगुळाची पुडी घेऊन आले. पुडी तुमच्यासमोर ठेवली आणि खांबाशी बोलल्यासारखं म्हणाले, "रंगरेजचाचा इचारत व्हते किसके वास्ते. बहीण देवीला उजळती म्हणलं. तर म्हणले, हलका नक्को लेव पाटील, ये असली लेव." तुम्ही पुडी पदरात बांधली आणि गोठ्यात जाऊन रडलात. मी बघितलं. वासरानंही बघितलं असेल.

आणि माझा तीळ! हनुवटीवरचा. किती सालं मला पत्ता नव्हता. एकदा चुलत जावेकडं जेवायला गेले, तिची पोरगी म्हणते, "काकी, तुमचा तीळ लक्ष्मीला हाय." बघते तर खरंच. मग घरोघरी बघत सुटले. प्रत्येक धाकटीच्या हनुवटीवर माझा तीळ! मी तणतणत आले, "माझा तीळ गावभर वाटताना लाज न्हाई वाटली?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू मांडीला मांडी लावून समोर बसतीस. मी दुसरी कुणाची तोंडं बघू?" त्या साली मी पुरणपोळीत गूळ जास्त घातला तुमच्यासाठी.

एकदा विचारलं होतं, एवढा जीव कशाला जाळता? पाठ धरते, डोळ्यांतून पाणी येतं. तुम्ही कुंची धूत होतात. "वैनी, भाकरी केली की सपती. धुणं धुतलं की मळतं. हे मुखवटं बाया मऊ फडक्यात गुंडाळून वरीसभर जपून ठेवत्यात. म्या केलेलं आजवर कुनी जपून ठेवलं न्हवतं." मला दळण आठवलं म्हणून मी उठले, खरं तर मला तिथं बसवेना.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी बसलेय.

भांडण कशावरून झालं होतं तेही आठवत नाही. बहुतेक आपले जोड वेळेत झाले नाहीत म्हणून असेल, मी थकले होते. तुम्ही म्हणालात, चंद्रकोर जाड झाली. झालं, माझी जीभ सुटली. "म्या कुंकू लावते म्हणून तुमच्या लक्ष्म्या लोकांच्या घरी बसत्यात. न्हाईतर त्या बी तुमच्यासारख्याच पांढऱ्या कपाळाच्या राह्यल्या असत्या." बोलले. तोंडातून गेलं. तुम्ही खाली मान घातलीत आणि हिंगूळ खलायला लागलात. इतका वेळ खललात की तो पिठापेक्षा मऊ झाला. मी क्षमा मागितली नाही. उद्या मागू म्हटलं. मग परवा. मग कार्तिकात मानमोडीची साथ आली, आणि तुमचे भाऊ तीन दिवसांत गेले.

माझ्या बांगड्या फोडायला बायका जमल्या तेव्हा तुम्ही त्यांना बाजूला सारलंत आणि एकेक बांगडी स्वतः उतरवून घेतलीत. कपाळ पुसायला एकजण पुढं आली तिलाही हात लावू दिला नाहीत. "तिचं ती धुईल, जवा धुवायचं तवा," म्हणालात. मी तेव्हा शुद्धीत नव्हते, पण हे एवढं ऐकू आलं होतं.

पुढच्या भादव्यात तुम्ही कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर बसलात. मांडीवर आपली थोरली. वाटलं, आता वन्सं माझे शब्द मला परत देणार. द्यायलाच पाहिजे होते तुम्ही! पण तुम्ही करंडा पुढं सरकवलात आणि म्हणालात, "लाव, वैनी. बोट तेच हाय."

मी ओरडलेच. "लोकं काय म्हणतील? एक तरी जोड कुनी घेऊन जाईल का? तुमचं काय, तुमचं काय जायचं राह्यलंय?"

"माझा चुलीचा एक कोपरा व्हता. त्यो पणाला लावून मी कुंभारवाड्यात गेलते."

"म्या न्हाई तुमच्यावानी."

"हाईस. तू अडसर काढला व्हतास."

मी उठून गेले. मग गिरजाक्काची सून कुंकू लावायला लागली. तिची चंद्रकोर म्हणजे ऊस तोडायचा विळा. तुम्ही तिलाच लावू दिलंत. पण दरवर्षी आपला घरचा जोड शेवटी ठेवायचात, माझ्यासमोर आणायचात आणि विचारायचात, "लावतीस का यंदा?" मी दरवर्षी नाही म्हणायची, आणि तुम्ही दरवर्षी तो जोड उचलून कुंभारवाड्यात न्यायचात. चार वर्षं. यंदा आखाडात ताप भरला. तिसऱ्या दिवशी मी पेज पाजत होते तर फळीकडं बोट केलंत. मला वाटलं पाणी पाहिजे. पाणी नको होतं. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. तुमच्या कपाळाला बुक्का तेवढा लावला. दुसरं काय लावणार?

इथवर काल लिहिलं, तेवढ्यात गिरजाक्काची सून सांगून गेली, उद्या दिवेलागणीला येते कुंकू लावायला. बरं म्हणाले. आणि आज पहाटेच उठले. अंगावर पाणी घेतलं, पेटीच्या तळातून माझा करंडा काढला. कुंकवाचा खडा झाला होता, तो डिंकाच्या पाण्यात खलला, तुम्ही खलायचात तसा, मऊ होईपर्यंत. आधी गावातले सहा जोड केले. पहिल्याची कोर इतकी वाकडी आली की गिरजाक्का बरी. तिसऱ्याला हात बसला. आपला जोड शेवटी घेतला. धाकटीला, म्हणजे मलाच, लावून टाकलं. थोरली मांडीवर घेतली आणि बघितलं. तिला तुम्ही कधी कुणाचा तीळ दिला नाही, कुणाची खूण दिली नाही. पण मान अशी किंचित खाली, ओठ मिटलेले, आता रंग खलायला लागेल अशी. मी कशी आंधळी, वन्सं? इतकी वर्षं गावभर माझा तीळ मोजत फिरले आणि शेजारी कोण बसलंय ते बघितलंच नाही.

तुमच्या कपाळाला मी चंद्रकोर लावली. त्या दिवशी बोलले ते चुकले. ते तुम्हाला जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. माफ करा मला.

दुपारी वेशीजवळच्या देशमुखीणबाई जोड न्यायला आल्या. तोंडं हातात घेऊन उजेडात नेली. "अगं बाई, चार वर्षांनी अशी कोर बघितली. गिरजाक्काच्या सुनेचा हात सुधारला म्हणायचा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिनंच लावली ना?"

आत्याबाईंचं ते "कुंभारणीनं" माझ्या जिभेच्या शेंड्यावर आलं. किती सोपं होतं. जोडही गेला असता आणि माझी अब्रूही राहिली असती.

"म्या लावली," मी म्हणाले.

देशमुखीणबाईंचा चेहरा उतरला. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हात थोरलीच्या कपाळापर्यंत नेला. मी बघत राहिले. हात तिथंच थांबला. लावलेलं कुंकू पुसायचं कसं? सगळ्या जन्माचा धाक त्या एका बोटात आला होता. त्यांनी पदर सोडला, दोन्ही मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळले आणि "येते" म्हणून निघाल्या. दारापर्यंत गेल्या, परत वळल्या. "पुढल्या साली बी तुमीच उजळणार का?" मला डोळे काढता येत नाहीत हे त्यांना कुठं ठाऊक? मी हो म्हणाले.

आता बाकीचे पाच जोड कोण नेईल, कोण दारातून परत करील, मला माहीत नाही. गावात आत्तापर्यंत गेलंही असेल. संध्याकाळ होत आलीय, दार उघडं आहे, अडसर लावलेला नाही. कुंची मी धुऊन वाळत घातलीय. आपली थोरली फळीवर आहे, आणि मी तिच्याखालून दोनदा पाणी घेऊन गेले, मान वर करून.

बोट तेच निघालं, वन्सं.